हात उशीवर असताना

"ताई, उशी घ्यायचीय, जावई नाही," दुकानदार म्हणाला. "किती पारखाल?"

मी त्याच्या काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभी होते. समोर उशांची रांग होती, कीबोर्डच्या पुढे मनगटाखाली ठेवतात त्या. एक निळी, जेलची, दाबली की आतलं सगळं पलीकडे पळायचं. एक काळी, फोमची. एक चक्क लाकडाची, गुळगुळीत, कडेला गोलाई दिलेली. एक इतकी मऊ की हात ठेवला की थेट तळाशी जायचा. दुकानात जोडलेला कीबोर्ड नव्हता, म्हणून एकेकीवर हात ठेवून मी काउंटरच्या काचेवर बोटं नाचवत होते. चार्जर घ्यायला आलेला एक माणूस माझ्या मागे उभा राहून मोठमोठे उसासे टाकत होता.

"जावई बिघडला तर निदान त्याच्या आईकडे तक्रार करता येते," मी म्हणाले. "तुम्ही पाकीट फोडलं की ओळखसुद्धा दाखवत नाही."

मागचा माणूस हसला. दुकानदार हसला नाही. मी निळी उचलली. हाताला तीच सगळ्यात गार आणि लाड करणारी वाटत होती, आणि माझे त्या घडीला कोणीतरी लाड करायला हवेच होते. तो गुरुवार होता. रविवारी बाबा घर सोडून जाणार होते, आणि त्यांनी जाऊ नये म्हणून माझे हात रविवारच्या आत नीट चालायला हवे होते.

हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, म्हणून जरा मागून सांगते.

माझा धंदा टाइप करण्याचा. सभा असते, व्याख्यान असतं, एखादी सुनावणी असते, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींना ऐकू येत नाही. तिथे मी कोपऱ्यात कीबोर्ड मांडून बसते. बोलणारा बोलतो, मी टाइप करते, आणि त्याने श्वास घ्यायच्या आत ते वाक्य पडद्यावर आलेलं असतं. वेग तर लागतोच, पण नुसता वेग पुरत नाही. काही वक्ते बैल मागे लागल्यासारखे सुटतात. तेव्हा आम्ही पाखडतो. हा आमच्या आमच्यातला शब्द. "म्हणजे बघा", "मला असं म्हणायचंय की", तीच गोष्ट तिसऱ्यांदा, हा सगळा कोंडा उडवून द्यायचा आणि दाणे तेवढे पडद्यावर टाकायचे. मी चांगली पाखडते. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी परवापरवापर्यंत ऐटीत सांगत असे.

घरी मी हेच काम बाबांसाठी करायचे. बाबांनी आयुष्यभर फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारले. चहूबाजूंनी माणसं ओरडत असताना कोणत्या कोपऱ्यातून कोणाची बोली आली, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. मागच्या वर्षी एका तापात दोन्ही कान गेले. श्रवणयंत्र लावून पाहिलं. बाबा म्हणाले, यातून नुसती कटकट ऐकू येते आणि तिच्यासाठी घरात तुमची आई आहे. यंत्र डबीत गेलं.

मग दादाने जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून पाहिला, बोललेलं आपोआप लिहून देणारा. आमच्या घरात चौघं एकाच वेळी बोलतात आणि कोणीच कोणाचं ऐकत नाही. फोनने सगळ्यांचं बोलणं एकाच्याच तोंडी घातलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आईला ऑफिसात बढती मिळाली होती आणि वहिनीचे गुडघे गेले होते. बाबांनी फोन पालथा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ती माझी जागा झाली. बाबांच्या ताटाजवळ एक छोटा पडदा, तोंड त्यांच्याकडे. समोर मी, कीबोर्ड घेऊन. माझं जेवण आधीच स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उरकलेलं. आई बोलली की "आ", दादा बोलला की "दा", वहिनी बोलली की "व", आणि पुढे जे काय असेल ते सगळं. सुरुवातीला मी खरोखर सगळं टाइप करायचे. आईचं "हं" टाइप करायचे. दादाचं "जाऊ दे" टाइप करायचे. वहिनी तिच्या ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायची, तर नक्कलसुद्धा टाइप करायचे, त्याच्या खाकरण्यासकट. बाबा वाचायचे आणि टेबलावर मूठ आपटून उत्तर द्यायचे. दादाने मला टकटक म्हणायला सुरुवात केली आणि वहिनीनेही तेच उचललं. घरात सगळ्यात जास्त आवाज बाबांचाच होता.

मग हात गेला. गेला म्हणजे एकदम नाही गेला, चोरपावलांनी गेला. सकाळी उठलं की अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुसऱ्याच कोणाची तरी वाटायची. केस विंचरताना कंगवा मध्येच खाली ठेवावा लागायचा. टाइप करायला लागलं की मनगटातून मुंग्या निघायच्या आणि कोपराकडे चालू लागायच्या. मी हात झटकायचे, उठून फेऱ्या मारायचे, परत बसायचे, खुर्ची वर घ्यायचे, खाली घ्यायचे. बाहेरच्या कामात चूक करून चालत नाही, तिथे पोट आहे. म्हणून मी घरी हात राखायला लागले.

पहिल्यांदा "अगं", "अरे", "हं" गेले. त्यांचं काय एवढं, असं मला वाटलं. मग आईचं तेच ते पुन्हा सांगणं गेलं. मग वहिनीच्या नकला गेल्या, कारण नक्कल टाइप करायला बोटं फार नाचवावी लागतात. मग दादाचे टोमणे. धंद्यातली सवय अशी अंगात मुरलेली की काय टाकायचं हे बोटांना आपोआप कळत होतं. पडद्यावर उरलं ते असं:

आ: भाजी संपली.
दा: उद्या उशीर होईल.
व: नळ दुरुस्त करून घ्यायला हवा.

बाबा वाचायचे आणि मान डोलवायचे. नळ दुरुस्त करायला हवा यावर माणूस मूठ काय आपटणार? ते लवकर उठायला लागले. हात धुऊन आपल्या खोलीत जायचे आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे. आई म्हणायची, वय झालं. दादा म्हणायचा, स्वभाव बदलतो. मी हात चोळत असायचे.

त्या सोमवारी जेवताना बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी रविवारी ताईकडे जातोय. राहायलाच जातोय."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, आमची आत्या. दुसऱ्या गावात एकटी राहते आणि तिला म्हातारपणाने ऐकू येत नाही.

"ती बहिरी, मी बहिरा," बाबा म्हणाले. "बरोबरीचं घर होईल."

टेबलावर नुसता गदारोळ झाला. आई काय काय बोलली, दादा काय काय बोलला, वहिनी खुर्चीवरून उठूनच बोलत होती. आणि माझी बोटं! नेमकी तेव्हाच माझी बोटं बधिर झाली. मी दात आवळून जेवढं जमलं तेवढं टाइप केलं.

आ: नको.
दा: का?
व: विचार करा.

बाबांनी ते वाचलं. एक मोठा श्वास सोडला. "हं. मला वाटलंच होतं," ते म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते तेव्हा ते स्वयंपाकघरात आले. कप विसळता विसळता पाठमोरेच म्हणाले, "टकटक, तुझ्यावर राग नाही हं. तू बिचारी इमानाने लिहितेस. पण या घरात आता मला कोणी चिडवत नाही. सगळे कामापुरतं बोलतात. माणूस नको झाला की त्याच्याशी असंच बोलतात, मी बाजारात पाहिलंय."

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. ओट्यावर फोन होता, दोन ओळी लिहून दाखवल्या असत्या तर काम झालं असतं. नाही सांगितलं. कारण बाबांना माझा हात दुखतो हे कळलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी कीबोर्ड उचलून माळ्यावर टाकला असता. त्यांनी मला बोट लावू दिलं नसतं, आणि मग त्यांच्यापर्यंत "भाजी संपली" एवढंसुद्धा पोचलं नसतं. शिवाय लाजही वाटत होती, ती कशाला लपवू? म्हणून मी स्वतःशी ठरवलं की रविवारच्या आत चांगली उशी घ्यायची, हात ताळ्यावर आणायचा आणि पुन्हा सगळंच्या सगळं टाइप करायचं. एकदा बाबांनी पूर्वीसारखं वाचलं की ते कशाला जातील? उशी मिळाली की सगळं मिळालं, या एका गोष्टीवर मी हटून बसले.

आता त्या निळ्या उशीचं सांगते. ती घरी आणून मी गुरुवारी संध्याकाळी कीबोर्डपुढे ठेवली, मनगटं तिच्यात रुतवली आणि सुखाने डोळे मिटले. वहिनी म्हणाली, "हे काय नवीन? आता तुलाही उशी लागते होय? झोपायच्या आधी कळवशील ना?" मला हसू आलं. टाइप करायचं राहिलं. आणि शुक्रवारी सकाळी बोटांना स्पर्शच कळेना. चहाचा कप उचलला तर हातात आहे की नाही, ते बघूनच ठरवावं लागलं. उशीने आराम द्यायचा की हात तोडून द्यायचा? मी ती कपाटात फेकली आणि कामावर कळवून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले.

बाई बोलायला गोड आणि हाताला कडक. त्यांनी माझं मनगट वाकवलं, आत कुठेतरी बोटाने टिचक्या मारल्या आणि मी ओरडले तशा समाधानाने म्हणाल्या, "बरोबर."

"काय बरोबर?"

"उशी वापरता? कुठे ठेवता ती?"

"मनगटाखाली. मनगटाची उशी मनगटाखाली नाही तर काय डोक्याखाली ठेवू?"

"आणि त्यावर मनगट दाबून टाइप करता." त्यांनी माझा हात उलटा केला. "इथून एक नस जाते. जागा अरुंद. तुम्ही बाहेरून मऊ उशी दाबता आणि आतून बोटं पळवता. तिने बिचारीने जायचं कुठे?"

मग त्यांनी मला नीट समजावलं. उशी घट्ट हवी, हात रुतता कामा नये. उंची कीबोर्डच्या पुढच्या कडेएवढीच. तिच्यावर मनगट टेकवायचं नाही, तळव्याचा खालचा जाड भाग टेकवायचा. आणि तोही टाइप करताना नाहीच. टाइप करताना हात अधांतरी, मनगट सरळ.

"मग ही उशी मी घ्यायची तरी कशाला?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"थांबण्यासाठी," बाई म्हणाल्या. "थोडं टाइप करा, थांबा, हात ठेवा. परत टाइप करा, परत थांबा."

मला त्यांचा इतका राग आला की मी हात सोडवूनच घेतला. थांबायला उशी लागते का? थांबणं जमत असतं तर मी यांच्याकडे कशाला आले असते? आमचं घर थांबतं का कधी? आई श्वास आत घेतानाही बोलते! पण हे सगळं त्यांना सांगून उपयोग काय, त्यांच्या खोलीत कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मी व्यायामाचा कागद घेतला आणि तडक त्या दुकानात गेले.

"परत घेणार नाही," दुकानदार मला पाहूनच म्हणाला.

"घेऊ नका. ती काळी दाखवा, फोमची. आणि पट्टी आहे का?"

त्याने पट्टी दिली. मी माझ्या कीबोर्डच्या कडेची उंची घरून मोजून आणली नव्हती, डोक्यात राख घालून निघालं की असंच होतं. बोटाच्या पेराने अंदाज घेतला. काळी जराशी उंच होती. त्याने आतून दुसरी काळीच आणली, ठेंगणी, घट्ट, वर साधं कापड. दाबली तर जेमतेम दबली. दिसायला अगदीच गबाळी होती आणि हाताला लाड तर मुळीच करत नव्हती. मी तीच घेतली. शनिवारभर, जेवणाच्या वेळा सोडून, लांब बाहीखाली हाताला पट्टा बांधून मी घरात येरझाऱ्या घातल्या. बाबांच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज येत होता. मी दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

रविवारी दुपारी शेवटचं जेवण. बॅग दाराशी उभी. जेवण झाल्यावर दादा बाबांना गाडीने सोडायला जाणार होता. आईने सकाळपासून भांडी आपटून स्वयंपाक केला होता आणि प्रत्येक आपटण्यानंतर माझ्याकडे पाहत होती, जणू मी तेही टाइप करणार आहे.

मी बसले. काळी उशी पुढे, हात अधांतरी, मनगट सरळ, अगदी शहाण्यासारखी. आणि पहिली काही मिनिटं खरंच जमलं. दादा म्हणाला, "बाबा, आत्याकडे गरम पाण्याचा नळ डावीकडे आहे, भाजून घेऊ नका." मी सगळं टाइप केलं. बाबांनी भुवया वर केल्या. वहिनी म्हणाली, "अहो, आत्यांच्या घरात नळ कुठलाही सोडा, पाणी त्यांच्या मर्जीने येतं." तेही टाइप केलं. बाबांच्या ओठांचा एक कोपरा हलला. माझं काळीज उड्या मारायला लागलं. बास, आता असंच चालू दे!

पण एकदा रंग चढल्यावर आमचं घर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आई सुरू झाली. दादा तिच्यावर सुरू झाला. वहिनीने तिच्या ऑफिसातली शुक्रवारची गोष्ट काढली. साहेब नव्या लिफ्टमध्ये अडकला आणि आतून हुकूम सोडत राहिला आणि बाहेर सगळ्यांनी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. दादाला ठसका लागला, आई पदार्थ वाढता वाढता हसायला लागली. आणि माझ्या मनगटातून मुंग्या निघाल्या. मी थांबले असते तर मागे पडले असते. नाही थांबले. अंगठा गेला, मग बोटं गेली, आणि जे उरलं त्याने मी सवयीने पाखडायला लागले.

वहिनी गोष्ट सांगता सांगताच पाणी आणायला उठली. ती बाबांच्या खुर्चीमागून गेली आणि थबकली. आजवर तो पडदा आमच्यापैकी कोणीच वाचला नव्हता, त्याचं तोंड बाबांकडे असायचं. वहिनी वाकली आणि मोठ्याने वाचलं.

"'व: ऑफिसात लिफ्ट बिघडली.'" तिने माझ्याकडे पाहिलं. "टकटक, मी एवढंच बोलले?"

दादा उठला. आईही उठली, हातात डाव तसाच. तिघं बाबांच्या मागे उभे राहून वाचायला लागले. दादाने हात पुढे करून मजकूर मागे सरकवला, कालचा, त्याच्या आधीचा. तो सोमवारपर्यंत पोचला.

"'नको,'" आईने वाचलं. "मी नुसतं 'नको' म्हणाले होते? अगं, मी घसा फोडून…"

बाबा मान वळवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "काय झालं? कोणीतरी सांगा. टकटक, लिही."

मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. मी एका बोटाने टाइप केलं: माझा हात दुखतो. बरेच दिवस झाले. म्हणून मी सगळं टाइप करत नव्हते. कामाचं तेवढं ठेवायचे, बाकीचं गाळायचे. हे सगळे तुम्हाला पूर्वीसारखंच बोलत होते. तुमच्यापर्यंत मीच येऊ दिलं नाही.

बाबांनी ते सावकाश वाचलं. मला वाटलं होतं ते मऊ होतील. उलट त्यांचा चेहरा लाल झाला.

"तू ठरवलंस? कामाचं काय आणि बिनकामाचं काय?" ते कडाडले. "लिलावात कोणी दमडीची बोली लावली तरी मी ती पुकारली. हलकी आहे म्हणून कधी गिळली नाही! काय काय गाळलंस? काल हे हसत होते, मी पाहिलं. कशावर हसत होते?"

मी आठवायला लागले. आठवेना. दादाकडे पाहिलं. दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने आईकडे. कान शाबूत असलेले आम्ही चौघं आणि काल कशावर हसलो ते एकालाही सांगता येईना.

"गेलं ते," बाबा म्हणाले आणि हताशपणे हात झटकला.

त्याबरोबर सगळे एकदम सुरू झाले. दादा मला बोलत होता की सांगायला काय तोंड शिवलं होतं का, वहिनी दादाला बोलत होती की आधी तिचा हात बघ, आई दोघांना गप्प करण्यासाठी दोघांपेक्षा मोठ्याने बोलत होती. मी टाइप करायला हात उचलू गेले आणि ते उचललेच गेले नाहीत. मी ते काळ्या उशीवर ठेवले, तळव्याचा जाड भाग टेकवून, जसं सांगितलं होतं तसं. पडदा कोरा राहिला. बाबांनी कोऱ्या पडद्याकडे पाहिलं, हलणाऱ्या तोंडांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

मग त्यांनी मूठ अशी आपटली की पेले नाचले.

"बोली बंद!"

तो बाजारातला आवाज होता. बऱ्याच दिवसांत घराने ऐकला नव्हता. तिघांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

"तिचे हात उशीवर आहेत तोवर कोणी अक्षर काढायचं नाही," बाबा म्हणाले. "मी ऐकत नाही तर कोणीच ऐकायचं नाही. बसा."

सगळे बसले. आणि आमच्या टेबलावर शांतता झाली. मला आठवतंय तेव्हापासून अशी शांतता तिथे झाली नव्हती. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. दादा भाजीकडे बघत बसला. वहिनीने ओठ दाबून धरले. आईचं तर बघवत नव्हतं. ती डाव घट्ट धरून बसली होती आणि माझ्या हातांकडे टक लावून पाहत होती. बाबा आरामात मागे टेकले आणि एकेकाकडे पाहायला लागले. या टेबलावर पहिल्यांदाच त्यांचं काहीएक हुकत नव्हतं.

मुंग्या हळूहळू ओसरल्या. माझं मलाच कळलं की मी एवढा वेळ एका जागी बसले आहे. थांबायला उशी लागते का, तर लागते, आणि ती धरून ठेवायला सगळं घर लागतं.

मी हात उचलले.

"सांग तुझ्या बाबांना," आई फुटलीच, "जायचं तर खुशाल जा म्हणावं! मी काही पाय धरणार नाही!"

पूर्वीच्या हिशेबाने "सांग तुझ्या बाबांना" हा कोंडा. मी तोही टाइप केला.

"तिथे यांचे मोजे कोण शोधणार आहे? चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधत फिरतात. चहात साखर जास्त झाली की नाक मुरडतात, कमी झाली की नाक मुरडतात. घेऊन जा म्हणावं ते नाक!"

मी हात उशीवर ठेवले. आई वाक्याच्या मधोमध थांबली, तोंड अर्धं उघडं. बाबा थांबले. दादाने खुर्ची सरकवायचं टाळलं. मी पुन्हा हात उचलले.

आईचा आवाज आता खाली आला होता. "आणि असंही सांग," ती म्हणाली, "म्हणावं, तुम्ही गेलात तर मी भांडू कोणाशी? या दोघांशी? यांना धड भांडता तरी येतं का?"

मी सगळं टाइप केलं. एकूण एक अक्षर.

बाबांनी वाचलं. मग मजकूर वर सरकवून "सांग तुझ्या बाबांना"पासून पुन्हा वाचलं, ओळीवर बोट ठेवून. आईने मान दुसरीकडे फिरवली होती आणि ती रिकाम्या भांड्यात डाव ढवळत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, त्यांना हळू वाटणाऱ्या आवाजात विचारलं, "ही रोज असं बोलत होती?"

मी टाइप केलं: रोज.